घासलेला चौदा नंबर

मी चौदा नंबरचा पाना. फिलिपिन्समधल्या लिपा गावच्या गॅरेजांत मला ‘कातोर्से’ म्हणतात. स्पॅनिश लोक केव्हाच निघून गेले, आकडे तेवढे इथेच विसरून गेले. आधीच सांगून टाकतो, मी देखणा नाही. माझा एक गाल ग्राइंडरवर घासून पातळ केलेला आहे. पाना असा घासला की त्याचं वाटोळं होतं, असं शहाणी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी.

मला घासलं ताताय बेनिंगने, म्हणजे पुढे मला चालवणाऱ्या रेमीच्या बापाने. जीपनीच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी जीपच्या, पोटात काही नट अशा सांदीत बसवलेले असतात, की बसवणाऱ्याचा जन्मात पुन्हा उघडायचा विचारच नसावा. तिथे सरळ पाना शिरत नाही. ठिणग्या उडत होत्या आणि ताताय मला सांगत होता, “सोस जरा. कामाला येशील.” पोरीलाही त्याने साधारण असंच वाढवलं.

मग एकदा जॅक सरकला. तातायच्या डाव्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. रेमी तेव्हा पंधरा वर्षांची. तिने मला उचललं. पहिल्याच आठवड्यात तिने मला तीनदा स्वतःच्या पायावर पाडलं आणि तिन्ही वेळा शिव्या मलाच घातल्या. पण सोडलं नाही. ताताय स्टुलावर बसून सांगायचा, ती चालवायची. तिची आई, नानाय, दारातून बघायची. तिच्या हातात बहुधा भाताचा चमचा असायचा आणि तोंडात एकच वाक्य: “घरातला एक हात गेला, तेवढा पुरे झाला.”

ती चुकीचं बोलत होती, असं मी म्हणणार नाही. मी त्या दिवशी जीपखालीच होतो.

रेमी फौजेत भरती झाली तेव्हा नानायने सुटकेचा श्वास टाकला. सुटली एकदाची गॅरेजातून! प्रशिक्षण संपताना प्रत्येकाने आपली शाखा निवडायची असते. रेमीच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला धर्मपिता, निनाँग सेल्सो, हा निवृत्त सुभेदार. त्याने कुठेतरी शब्द टाकून कारकुनीतली एक खुर्ची पोरीसाठी धरून ठेवली. आता निनाँगचा शब्द आमच्याकडे परत करत नाहीत. परत करणाऱ्याला ‘उपकाराची आतली जाण नसलेला’ म्हणतात, आणि याहून वाईट शिवी आमच्या भाषेत नाही.

शाखा लिहून द्यायच्या दिवशीच, रविवारी, घरच्यांची भेट होती. रेमीने फोनवर सांगितलं होतं, “नानाय, येताना कातोर्से आण.” नानायने आणला. केळीच्या पानातल्या चिकट भाताच्या खाली, टॉवेलात गुंडाळून. वाटेत दोनदा तिने पिशवीत हात घालून मला चाचपलं. मला वाटतं, बसमध्ये विसरून यायचा विचार असावा. जमलं नाही तिला.

“गाड्यांच्या कामाची परीक्षा देतेय मी,” रेमी म्हणाली. “आज, आत्ता.”

नानायचा हात भातावरच थांबला. “आणि निनाँग?”

“त्यांनाही येऊ दे बघायला.”

निनाँग आला. पांढराशुभ्र शर्ट, चकचकीत बूट. “जा पोरी, हौस फेडून घे,” तो हसून म्हणाला. “खुर्ची काही पळून जात नाही.”

वर्कशॉपमध्ये भिंतीवर फळा होता. त्यावर एकेका पान्याची बाह्याकृती रंगवलेली, आणि प्रत्येक पाना आपापल्या आकृतीत. माझ्यासारख्या घासलेल्या गालाची आकृती त्यांत कुठेच नव्हती. परीक्षा घेणारे हवालदार आब्रेनिका, काटकुळे, आवाज मात्र ट्रकच्या हॉर्नचा. त्यांनी एक ट्रक दाखवला. रेडिएटर खडखडत होता. “बघ.”

रेमी खाली शिरली. रेडिएटरच्या बैठकीतलं रबर पार झिजलं होतं आणि त्याचा नट अगदी चासीच्या कोपऱ्यात. फळ्यावरचा चौदा तिथे अडला. मी गेलो. गेलो म्हणजे काय, लोण्यात सुरी जावी तसा गेलो! हवालदारांची भुवई वर गेली. मी फुगलो.

फुगणं फार वेळ टिकलं नाही. ट्रक सुरू झाला, खडखड बंद झाली, आणि हवालदारांनी वाकून बैठकीतून डोकावणारं निळं टोक बोटाने दाखवलं.

“हे काय आहे?”

“चप्पल, सर.”

“काय?”

“रबरी चप्पल, सर. तुकडा कापून घातला. आमच्याकडे सगळे असंच करतात. वर्षभर टिकतं.”

वर्कशॉपभर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, “दुसऱ्या पायाची कुठेय?” तिच्या खिशात चपलेचा तुकडा कायम असतो, लिपात ज्याच्या पेटीत नसेल तो मिस्त्रीच नव्हे. हवालदार तेवढे हसले नाहीत.

“जीपनी बंद पडली तर लोक काय करतात?”

“उतरून दुसरी पकडतात, सर.”

“हा ट्रक डोंगरात बंद पडला, मागे बारा माणसं बसलीत. ती कुठली दुसरी पकडतील?”

निनाँगने हळूच रेमीच्या खांद्यावर हात ठेवला. “झालं ना? चल, कागदावर ‘कारकुनी’ लिही. तुझ्या आईची झोप उडालीय.”

नानायने पिशवीचा बंद पिळून पिळून दोरी केला होता.

“सर,” रेमीने हवालदारांनाच विचारलं, “खरं रबर कुठे मिळतं?”

“कोठारात. नाव सांगून मिळत नाही, पुस्तकातला नंबर लागतो. पुस्तक इंग्रजीत आहे, आणि जाड आहे.”

“द्या.”

पाऊण तास ती जमिनीवर बसून पुस्तक चाळत होती. दोनदा भलताच नंबर लिहिला, दोनदा कोठारवाल्याने हाकलली. तिसऱ्यांदा काळी गोल वस्तू घेऊन आली. चप्पल उपटून फेकली, नवं रबर बसवलं, आणि मी पुन्हा त्या कोपऱ्यात. हवालदारांनी नट स्वतः तपासला, मग खिशातून पेन काढून तिच्या कागदावर सही केली. “शाखा तू लिही.”

तिने लिहिलं. मग सरळ निनाँगपुढे जाऊन उभी राहिली.

“निनाँग, तुमचा शब्द मोडतेय. मला खुर्ची नको. मी गाड्याच करणार.”

असं म्हणून तिने त्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावला, थोरांचा लावतात तसा. हात धुवायचं तिला सुचलं नव्हतं. निनाँगचा पंजा काळा, तिचं कपाळ काळं. त्याने हात काढून घेतला नाही. शर्टालाही पुसला नाही. “हट्टी आहेस,” एवढंच पुटपुटला. तो आशीर्वाद होता की शिवी, मला अजून कळलेलं नाही.

मला मात्र हवालदारांनी परत पाठवलं. फौजेत खासगी हत्यार चालत नाही. वाईट वाटलं नाही असं खोटं सांगणार नाही. त्यांच्या फळ्यावर मावण्यासाठी पुन्हा जाडा मात्र होणार नाही!

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने नानायला विचारलं, “पोरगी काय करते हो तुमची?” नानाय गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली, “मेकॅनिक आहे. फौजेत.” आणि आजूबाजूला असं पाहिलं, की आता कुणी काही बोलूनच दाखवावं.

मी आता तातायच्या स्टुलाशेजारी असतो. गल्लीतल्या मुली अधूनमधून सायकली घेऊन येतात. आयांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. पोरीने पाना मागितला तर काळीज धडधडणारच, धडधडू दे. ‘हात सांभाळ’ म्हणायचं तर दहादा म्हणा. पण म्हणताना पाना द्या.