पुसायचं तेवढं शिकवलं नाही

जरा थांबा, लगेच बंद करू नका मला. मी गदगच्या अंगडींच्या सोप्यातला संगणक. आता म्हातारा झालोय, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला घरी आणलं थोरल्या विरुपाक्षानं. धाकट्या बहिणीला, आपल्या तंगीला, सौजन्याला, त्यानंच माझ्यासमोर बसवलं. "घाबरतेस काय तंगी? चावत नाही तो!" तिची भीड चेपली. कुणाला विचारता येईना, ते ती मला विचारू लागली.

कुणी काय उघडलं, काय शोधलं, ते सगळं माझ्यापाशी राहतं. विरुपाक्ष उठताना आपलं सगळं पुसून जाई. बहिणीला हे त्यानं कधी सांगितलं नाही. मला वाटे, विसरला असेल.

सौजन्याचं लग्न ठरलं. सासरच्यांना नोकरी करणारी सून नको होती. नर्सिंग शिकलेली पोर ती! दुपारी आईचा, अव्वाचा, डोळा लागला की मंगळूरच्या इस्पितळांतल्या जागा शोधायची, मुलींची वसतिगृहं बघायची. एका इस्पितळानं मुलाखतीला बोलावलंसुद्धा.

आणि एका संध्याकाळी विरुपाक्षानं अप्पांना माझ्यासमोर आणून बसवलं. दोन-चार टिचक्या मारल्या आणि तिचा एकेक शोध पडद्यावर मांडला. माझ्याच तोंडून तिची चहाडी करवली.

"वसतिगृह?" अप्पा कडाडले. "पळून जायचा बेत आहे काय गं?"

सौजन्या आतून धावत आली. मग पुढं होऊन तिनं पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अण्णा, इथं रोज तूही बसतोस. तुझं काहीच कसं नाही?"

"मी पुसतो."

"मग मला का नाही शिकवलंस?"

"तुला गं काय लपवायचं असणार?"

"आणि तुला?"

अप्पांनी मान वळवून विरुपाक्षाकडं पाहिलं.

"बुधवारी मुलाखत आहे अप्पा. मी जाणार," ती म्हणाली. "चोरून नाही, सांगून जाणार."

अप्पा हो म्हणाले नाहीत. पण बुधवारी अव्वा तिला बसपर्यंत सोडून आली. सोयरीक मोडली, नोकरी लागली.

जाण्याआधी तिनं माझ्यातलं आपलं सगळं काढून टाकलं. कसं, ते मैत्रिणीकडून शिकून आली होती. चहाडी मी केली नाही, भावानं माझा विळा केला आणि तिचाच गळा कापला, हे तिला कसं सांगू? तिच्यापुढं मला वाचा कुठं आहे?

तुमच्या घरात कुणी विश्वासानं माझ्यासारख्यासमोर बसत असेल, तर तिची पाटी तिलाच कोरी करू द्या.

सौजन्या सुट्टीला येते. सोप्यात गिरमीट, ते तिखट चुरमुरे, खात अव्वाशी गप्पा मारते. माझ्याकडं पाठ करून.