रिकामा खिळा

“कुलपाला मारायचं नाही बाळा, त्याची समजूत काढायची.”

बापाचा हा आवाज कुलूपवाल्याच्या कानात पन्नास वर्षं तसाच होता, नुकतं तेल घातल्यासारखा. पुढे त्याने तोच आपल्या मुलाच्या कानात घातला. मुलगा बापापेक्षा वरताण निघाला, दूरदेशी कामाला गेला, आणि आता तिथल्याच तुरुंगात होता. बंद कचेरीतून कॅमेरा उचलला, एवढंच घरी कळलं होतं. बाकी सगळं स्पॅनिशमध्ये.

धाकट्या लेकीला ती भाषा येत होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दुकानात लोखंडाचा कीस फुंकून वही उघडायची आणि बापाला एकेक शब्द द्यायची. देलितो म्हणजे गुन्हा. उर्तो म्हणजे काही न मोडता, कुणाला धक्का न लावता केलेली चोरी. तिला शिक्षा कमी. रोबो म्हणजे जबरदस्तीची, तिला जास्त.

“उल्तो,” म्हातारा म्हणायचा.

“उर्तो! जीभ वळवा बाबा, किल्ली नव्हे.”

“तुझ्या या भाषेला दाते फार, बाई.”

पण तो शब्द त्याने जपला. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं, तसा.

आज वकिलाचं पत्र आलं. वाचता वाचता लेक थांबली.

“बाबा, रोबो लावलाय.”

“छट्! कुलूप मोडलं का त्यानं? विचार त्यांना. ओरखडा तरी दाखवा म्हणावं!”

“ओरखडा नाही, हे त्यांनीच लिहिलंय. पण गान्सुआनं उघडलं तरी तिकडे जबरदस्तीच धरतात.”

“ते काय असतं?”

लेकीने नुसतं भिंतीकडे बोट केलं. तिथे किल्लीवाचून कुलूप उघडायच्या सळया ओळीने टांगलेल्या होत्या, वाकड्या टोकांच्या, लहानीपासून मोठीपर्यंत. मधला एक खिळा रिकामा. तिथली सळई मोडली, असं म्हातारा दोन वर्षं सांगत आला होता.

“दादा म्हणतो, बाजारातून घेतली,” लेक म्हणाली. “म्हणजे चोरीसाठीच घेतली, असं ते धरणार. घरच्यांना काही ठाऊक आहे का, असं वकील विचारतात. नाही म्हणून कळवते.”

म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. पोरगं तिथे गजाआड बसूनही बापाचं नाव झाकत होतं.

“थांब. नाही म्हणू नकोस.”

“मग काय लिहू?”

“मोडली नव्हती गं ती. तो निघाला त्या सकाळी मीच त्याच्या पेटीत ठेवली. माझ्या हातची. म्हटलं, परक्या गावात कुणाचं दार अडलं तर उघडून देईल, चार घास कमावील.” त्याने रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं. “लिही, बाजारातली नाही. बापानं दिली.”