एका जहाजाचे

झगरूनं चरातला चिखल फावड्यानं उपसून बांधावर फेकला. बोलायला तोंड उघडलं, आणि परत खाली वाकून तिथंच फावडं मारलं. पलीकडच्या काठावरून बिसेसर बघत होता.

"मघापासून तोच चिखल उपसतोयस," बिसेसर म्हणाला. "बोल की. सुगियानं मारलं का आज?"

"पोरांचं बोलायचंय."

"कुठल्या पोरांचं?"

"तुझ्या तिलकचं. आणि आमच्या फुलबसियाचं."

बिसेसरचा हात थांबला. दोघांच्या भातशेतांच्या मधून हा एकच खोल चर जायचा, थेट समुद्राच्या बांधापर्यंत. उसाच्या मळ्यावरचा करार संपला तेव्हा परतीच्या जहाजाऐवजी दोघांनी जमीन मागितली होती. शेजारी शेजारी.

"ती दोघं बहीणभाऊ आहेत," बिसेसर म्हणाला.

"रक्ताची नाहीत."

"रक्त काय घेऊन बसलास? माझ्या रक्ताचं या देशात कोण आहे, सांग ना. तू माझा जहाजी भाऊ. तुझी पोरगी माझी पुतणी. तिला सून म्हणून घरात घेऊ? लोक म्हणतील, समुद्र ओलांडला आणि जनावरं झाले." त्यानं फावडं उचललं. "पुन्हा हा विषय काढू नकोस."

कलकत्त्याहून सातासमुद्रापार या डेमराराच्या मुलखात येताना जात जहाजावरच सांडली होती. गाव, आईबाप, भाऊबंद सगळं मागं राहिलं होतं. एका जहाजातून आले ते भाऊ आणि त्यांची पोरं बहीणभाऊ, एवढं एकच नातं माणसांनी इथं येऊन जुळवलं होतं. ते देवाधर्मापेक्षा कडक पाळायचे. या दोघांचं तर सगळ्या वस्तीला पाठ होतं. जहाजावर झगरूला ताप भरला, अंग गार पडलं, मेला म्हणून खलाशी त्याला समुद्रात टाकायला निघाले. बिसेसरनं त्याचा पाय धरला. लाथा खाल्ल्या, पण पाय सोडला नाही. शेवटी झगरू कण्हला. फुलबसिया लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय झोपायची नाही. तिलकपण.

घरी सुगिया चुलीपुढं रोट्या करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही म्हणाला. बरोबरच म्हणाला."

"मग ते बरोबर काय आहे ते पोटातल्याला जाऊन सांगा. तिसरा महिना लागलाय तिला."

झगरू उंबऱ्यावर बसला. आतल्या खोलीत काहीतरी हललं आणि थांबलं.

"तिलकला माहितेय?"

"आहे ना. तो म्हणतो पळून जाऊ, नदीपलीकडं डच मुलखात. ही नाही म्हणते. म्हणते, बापाच्या हातानं लग्न लागलं तर लागलं, नाहीतर चरात उडी घेईन." सुगियानं रोटी तव्यावर टाकली. "पोहता येत नाही तिला."

"बिसेसरला सांगून टाकू? असं असं झालंय म्हणून?"

"सांगा. भावाची पोर भावाच्या पोरापासून राहिलीय म्हणून सांगा. तो माणूस आधी तिलकला मारेल, मग स्वतः मरेल. तुम्ही ओळखता की त्याला. मला काय विचारता?"

झगरू ओळखत होता. म्हणून तर बसून राहिला. रोटी जळाल्याचा वास आला तरी सुगियानं ती उलटली नाही.

रविवारी देवळाच्या ओट्यावर पंच बसले. बोलावणं झगरूनंच पाठवलं होतं. रामसुभग पंडित पानाला चुना लावत होता. बिसेसर येऊन नेहमीसारखा झगरूला खेटून बसला. गुडघ्याला गुडघा.

"पोरांची सोयरीक करायचीय," झगरू म्हणाला. "तिलकची आणि आमच्या पोरीची."

दोनचार जण हसले. पंडित म्हणाला, "उन्हात फिरलास काय रे? तुम्ही जहाजी भाऊ. कसली सोयरीक?"

"आम्ही एका जहाजाचे नाही."

चुन्याचं बोट तसंच राहिलं.

"हा आधीच्या जहाजातून आला," झगरू म्हणाला. तो पंडिताकडं बघत होता, फक्त पंडिताकडं. "मी नंतरच्या. भेट झाली ती इथं, मळ्याच्या बराकीत. मला कुणी नव्हतं. जहाजी भाऊ म्हटलं की लोक जेवायला तरी बोलवायचे. म्हणून म्हणत राहिलो."

"आणि ती पाय धरल्याची गोष्ट?" मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या पोरांना सांगतो की आम्ही ती."

झगरू खाकरला.

"दुसऱ्या कुणाची तरी होती. ऐकलेली. माझ्या नावावर खपवली."

त्या जहाजावरचं दुसरं कुणी आता या वस्तीत उरलं नव्हतं. सगळे बिसेसरकडं वळले. पंडितानं विचारलं, "बिसेसर, हा काय म्हणतोय?"

बिसेसरनं झगरूकडं पाहिलं. झगरूनं नाही पाहिलं. त्याच्या पायाचा अंगठा ओट्याची माती उकरत होता. बिसेसर त्या अंगठ्याकडं बघत राहिला, इतका वेळ की पंडितानं पान तोंडात टाकलं, चावलं, आणि थुंकायला उठून परत येऊन बसला.

मग बिसेसरनं आपला गुडघा बाजूला घेतला.

"खरंय," तो म्हणाला. "मी ज्याचा पाय धरला होता, तो नाही वाचला."

पंडित बराच वेळ दोघांची तोंडं बघत होता. "दोघंही तेच म्हणतायत तर झालं," तो शेवटी म्हणाला. "खोटं बोलून भाऊ कोण घालवतो? लावा लग्न."

लग्न चांगलं झालं. फुलबसिया रडली, सगळ्या पोरी रडतात तशी. पाठवणीच्या वेळी बिसेसरनं हात जोडले आणि म्हणाला, "व्याहीबुवा, पोरीची काळजी करू नका."

झगरूनंही हात जोडले. आजवर या माणसानं त्याला शिवी दिल्याशिवाय हाक मारली नव्हती.

मुलीच्या सासरी बाप पाणी पीत नाही. झगरू कधी गेलाच तर अंगणातून विचारपूस करून परत यायचा, उन्हातून आला असला तरी. चर उपसायला आता दोघं वेगवेगळ्या दिवशी जायचे. ठरवलं नव्हतं. वस्तीत कुणी चिडवायचं, "काय रे, एवढी वर्षं फसवलंत आम्हाला," की झगरू हसून मान डोलवायचा.

मुलगा झाला तेव्हा तो लवकर आला असंच सगळ्यांनी धरलं. बिसेसरनं नातवाला दोन्ही हातांवर घेतलं, तोलल्यासारखं केलं.

"सातव्या महिन्याच्या मानानं दणकट आहे," तो म्हणाला.

मग हळूच मान वर करून त्यानं झगरूकडं पाहिलं. झगरूनं या वेळी नजर चुकवली नाही. बिसेसरचे ओठ हलले. तेवढ्यात तिलकच्या मावश्या बारशाचं सामान घेऊन आत आल्या, त्यांचं हसणंखिदळणं सुरू झालं, आणि झगरू व्याह्यांसाठी टाकलेल्या पाटावर जाऊन बसला. ते बोलायचं राहिलं ते राहिलंच. नंतर बऱ्याच वेळा वाटेत भेट झाली. राम राम व्हायचा. पाऊसपाणी व्हायचं.

पोरगं चांगलं पळायला लागलं होतं, त्या वर्षीच्या भातकापणीत बिसेसर गेला. शेतात, दुपारी, हातात विळा असताना.

तिरडी उचलताना झगरू मागं उभा होता. खांदा द्यायला तो पुढं झाला, तर पंडितानं दंडाला धरून त्याला अदबीनं बाजूला केलं. "तुम्ही व्याही. तुम्ही राहू द्या."

दहाव्याला चराच्या काठी न्हावी बसला. तिलकचं डोकं झालं, शेंडी तेवढी राखून. न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि विचारलं, "आता भाऊबंदांपैकी कोण?"

कुणी उठलं नाही.

"भाऊबंद कुठले," पंडित म्हणाला. "एकटाच आला होता बिचारा. आवर."

न्हाव्यानं पिशवी बांधली. झगरू डोक्याला फेटा बांधून पाहुण्यांच्या रांगेत बसला होता. मांडीवर नातू होता. नातवानं त्याचा अंगठा मुठीत धरला होता, आणि तो सोडवून घ्यायला झगरूला बराच वेळ लागला.

जेवायला तो थांबला नाही. थांबणार नव्हताच, ते मुलीचं घर. सरळ घरी आला, मागच्या अंगणात बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि फेटा सोडला.

सुगिया दारात आली.

"वस्तरा आण," झगरू म्हणाला.

"व्याह्यासाठी डोकं काढत नाहीत."

"आण."

"लोक विचारतील."

"उवा झाल्यात म्हणून सांग."

"तुमच्या डोक्यात? उवांना राहायला केस कुठं उरलेत?"

ती हे बोलली आणि आत गेली. वस्तरा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. त्याच्या मागं उभी राहिली, डोक्यावर पाणी ओतलं, तळहातानं जिरवलं. पाणी कानामागून मानेवर उतरलं, गालांवरून खाली आलं. झगरूनं ते पुसलं नाही.

सुगियानं वस्तरा उघडला. कपाळाला लावला, आणि थांबली.

"शेंडी ठेवायची?" तिनं विचारलं.

शेताकडून कापणीवाल्यांचे आवाज येत होते.

"ठेव," झगरू म्हणाला.