दुधातली गोळी

धाकट्या लेकीचं लग्न झालं ते वर्ष. पाहुणे जेवून हात धुवत होते आणि वधूचा बाप, इस्त्रीवाला, हॉलच्या दारातल्या चपलांच्या ढिगावर आडवा झाला. गेलाच असं सगळ्यांना वाटलं, पण गेला नाही. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रक्तदाबाचा आकडा बघितला, पुन्हा बांधून पुन्हा बघितला आणि म्हणाले, "आता रोज गोळी. जन्मभर."

"मी रोज जप करतो," इस्त्रीवाला म्हणाला.

"करा की. श्वास संथ होतो, मन थाऱ्यावर राहतं. चांगलंच आहे. पण जप आणि गोळी. नुसता जप नाही."

ते 'आणि' इस्त्रीवाल्याला झोंबलं. देवाच्या पाटावर गोळी बसवल्यासारखं त्याला वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, गोळ्यांचं पाकीट मोरीत फोडलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं. "आजपासून मंत्र हेच औषध. गोळी घेईन तर बापाचं नाव लावणार नाही."

या माणसाला समोरून सांगितलेलं कळत नाही, एवढं त्याची बायको संसारात शिकली होती. तिनं गुपचूप गोळ्या आणल्या. सकाळी तो डोळे मिटून ॐकार लावायचा, तेव्हा ती स्वयंपाकघरात लाटण्यानं गोळीची पूड करायची. जपावरून उठला की तो पेलाभर दूध प्यायचा. पूड त्या दुधात, वर साखर जरा सढळ हातानं.

महिन्याभरात आकडा उतरला. इस्त्रीवाल्यानं मग स्वतःचं मशीनच आणलं आणि दुकानात कपड्यांच्या टेबलावर मांडलं. जो येईल त्याच्यासमोर दंडाला पट्टा. "बघा! गोळी नाही, काही नाही. नुसतं नाम." संध्याकाळी इस्त्री निवली की पाच-दहा माणसं त्याच्यासमोर मांडी घालून बसायला लागली. आधी थट्टेनं आणि मग खरोखरच सगळे त्याला महाराज म्हणायला लागले.

"महाराज, शर्टाची कॉलर करपवलीत," एकजण म्हणाला.

"कॉलरीचं काय घेऊन बसलात? आतला माणूस करपतोय, त्याचं बघा."

लोक हसले आणि इस्त्रीचे पैसेही देऊन गेले.

दुकानाच्या कोपऱ्यात बायकोचा धाकटा भाऊ बसायचा. तुटलेली बटणं लावायचं काम त्याच्याकडे, म्हणून त्याला सगळे बटण्या म्हणत. त्याची बायको वारलेली, मूलबाळ नाही, जेवायला बहिणीकडे. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. त्यालाही तोच आजार होता, दाजींपेक्षा जुना. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, मीही गोळ्या सोडल्या."

तिच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर कशाला? दाजींचा आकडा बघ की. माणूस खोटं बोलेल, मशीन बोलतं का?"

तिच्या ओठापर्यंत आलं होतं. पण हे फुटलं तर नवरा दूध सोडेल, हट्टानं मरेल आणि मरायच्या आधी तिला घराबाहेर काढेल. नाही बोलावं तर भाऊ. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांचा चहा घेऊन ती दुकानात गेली. भावाच्या कपात तिनं पूड घातली होती आणि कडू लागू नये म्हणून साखर वाढवली होती. दारातच उभी राहून ती त्याचा चहा पुन्हा एकदा ढवळत होती. नवऱ्यानं ते पाहिलं.

"भावाला साखर जास्त? आम्ही काय सावत्र?" म्हणत त्यानं तोच कप उचलला आणि आपला बटण्यापुढे सरकवला. ती तोंड उघडेपर्यंत कप रिकामा झाला होता.

एका दिवसात दोन गोळ्या. संध्याकाळी लोकांसमोर जप करता करता इस्त्रीवाल्याची मान कलली, डोळे पांढरे झाले, अंगाला घाम सुटला.

"समाधी लागली!" बटण्या ओरडला आणि दाजींच्या पायावर त्यानं डोकं ठेवलं.

लोक पांगल्यावर नवरा सावध झाला. उद्याही दोन गोळ्या पोटात गेल्या तर हा खरंच मरेल, या भीतीनं तिनं सगळं सांगून टाकलं. दूध, चहा, लाटणं.

तो शांतपणे टॉवेलनं मान पुसत होता. "दुधातलं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. साखरेनं जीभ फसते होय?"

"मग... गप्प कशाला राहिलात?"

"घेतो मी कुठे? घालतेस तू. माझा नेम मोडत नाही. चालू दे."

"माझ्या भावाला तरी सांगा हो. तो मरेल."

"काय सांगू? महाराज दुधातून गोळी पितात? उद्या कुत्रं तरी बसेल का माझ्यापुढे? आणि तू तोंड उघडलंस तर चूल वेगळी नाही, रस्ताच वेगळा."

तरीही ती बोलली. सकाळी भावाला जिन्याखाली गाठून, त्याचा हात धरून, सगळं सांगितलं.

बटण्यानं हात सोडवून घेतला. "दाजी आत्ताच म्हणाले, तू असं काहीतरी सांगशील म्हणून. लोक त्यांच्या पाया पडतात ते तुला बघवत नाही का, ताई?"

"अरे, तुझ्या डोळ्यांनी बघ! चल आत."

आत नवरा दूध घेऊन तयारच होता. बटण्यासमोर त्यानं पेला मोरीत ओतला. "घ्या मेहुणे. बाईच्या मनात किंतू नको. आजपासून दूधही बंद."

बटण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बहिणीकडे असं पाहिलं की तिला जमिनीत जावंसं वाटलं. त्या दिवसापासून तो तिच्याकडे जेवायला येईना.

तो गेल्यावर नवऱ्यानं तळहात पुढे केला. "आता नुसतीच दे. पाण्याबरोबर."

आणि तिनं दिली. दुसऱ्या दिवशीही दिली, तिसऱ्याही. कधी कधी गोळी हातात घेऊन ती खिडकीशी उभी राहायची, खाली फेकावी म्हणून. मग बाहेरून खाकरणं ऐकू यायचं आणि तिचे पाय आपोआप वळायचे.

थंडी पडली तेव्हा बटण्याचं डोकं दुखायला लागलं. तो सुईत दोरा ओवायला बसला की दोरा दोनदोनदा चुकायचा. "दाजी, सुया दोन दिसतात."

"मन एकाग्र नाही. माळ वाढवा."

त्यानं वाढवली. एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तो काम करता करता शर्टावर वाकला, तो वाकलेलाच राहिला. त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. लोक म्हणाले, ओठ हलत होते, नाम घेतच गेला, भाग्यवान. बहीण धावत आली, तेव्हा नवरा टेबलाशी उभा होता. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाव कमी पडला बिचाऱ्याचा."

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे. "गोळ्या खातो हा," ती म्हणाली. "रोज. माझ्या हातानं."

"भावाच्या दुःखानं डोकं फिरलंय तिचं," कुणीतरी म्हणालं आणि दोन बायकांनी तिला धरून आत नेलं.

बटण्या त्या वर्षी डिसेंबरात, सोमवारी सकाळी वारला. त्याची बहीण त्यानंतर दोन वर्षांनी गेली. इस्त्रीवाला अजून आहे.