नियम मोडल्याचा सत्कार

गंधालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन वर्षं खपून तिनं गुरुत्वाकर्षणाचा नियम अगदी सूक्ष्म अंतरावर तपासला होता आणि तो बरोबर निघाला होता. पेपरात मात्र छापून आलं, 'रायपूरच्या कन्येनं गुरुत्वाकर्षण हादरवलं!' बातमी पाठवली होती तिच्याच विभागप्रमुखांनी, भार्गव सरांनी. ती जाब विचारायला गेली, तर ते हसले. "नियम बरोबर निघाला, हे कोण वाचते? थोडा मसाला लागतेच."

शंकर नगरातल्या मराठी मंडळानं लगेच सत्कार ठेवला. अध्यक्ष नरहरीकाकांनी तिला शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं अन् माइकवर गरजले, "आपल्या पोट्टीनं नियमच मोडला!" मंचावर बसलेले भार्गव सर सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते.

गंधालीनं माइक ओढला. "म्या काहीच मोडलं नाही. नियम तपासला, तो खरा निघाला. खोटी बातमी या सरांनी पाठवली. कोणाले शंका असंल तर पाहून घ्या."

तिनं नारळ डोक्याच्या वर उचलला आणि सरांच्या पायापाशी सोडून दिला. तो फाडकन फुटला. पाणी त्यांच्या कडक इस्त्रीच्या पँटवर उडालं.

"आता वाजवा टाळ्या," ती म्हणाली.