आर्डिसची जाळी

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, सदतीस वर्षं भोगलंय म्हणून सांगतो. लग्नाच्या जेवणात नवरीच्या आईने विचारलं की केक कसा झालाय, तर आर्डिस सांगणार, कोरडा. पाद्रीबुवांनी विचारलं की प्रवचन कसं वाटलं, तर सांगणार, लांबलं. आमच्या नोर्लुंड गावात कुणी असं बोलत नाही. काही आवडलं नाही तर 'वेगळंच आहे' म्हणायचं आणि कपात आणखी कॉफी ओतून घ्यायची, ही इथली रीत. त्यामुळे आर्डिसला काही विचारण्याआधी लोक दोनदा विचार करतात.

तिच्याबद्दलची दुसरी गोष्ट तिच्या जाळीची. आमच्या बेसबॉलच्या मैदानाला डाव्या बाजूने कंबरेएवढं लाकडी कुंपण आहे आणि त्याच्यामागे दहा पावलांवर दलदल. फाऊल चेंडू, म्हणजे रेषेबाहेर मारलेला, तिकडे गेला की बेडकांचा झाला. क्लबकडे चेंडू मोजकेच, म्हणून आर्डिस दर रविवारी कुंपणामागे जाळी घेऊन उभी राहते. जाळी म्हणजे तळ्यावर गळाला लागलेला मोठा मासा नावेत उचलून घ्यायची असते ती, लांब दांड्याची, हिरव्या सुताची. फाऊल चेंडू परत आणून देणाऱ्याला आमच्याकडे एक हॉटडॉग फुकट मिळतो. एकतीस वर्षांत तिने किती चेंडू वाचवले असतील देव जाणे. हॉटडॉग मात्र एकही खाल्ला नाही. ते तिला वेगळेच लागतात, आणि ती तसं म्हणत नाही, 'घाण लागतात' म्हणते.

पहिल्याच वर्षी मी तिला बजावलं होतं की काही झालं तरी जाळी कुंपणावरून आत मैदानात न्यायची नाही. ती म्हणाली, मला कळतं. आणि खरंच, एकतीस वर्षांत तिने ती आत नेलेली मी एकदाही पाहिली नाही.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं अंपायर आहे. पोस्टात होतो तोवर आठवडाभर पत्रं वाटायची आणि रविवारी शिव्या खायच्या, असा माझा क्रम होता. पण आमच्याच गावाचा महत्त्वाचा सामना असला की मी उभा राहत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कशाला ती भानगड.

गेल्या ऑगस्टमध्ये ती भानगड चालून आली. विभागातला शेवटचा सामना, आमच्याविरुद्ध सेंट ऑडो गाव. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार, आणि आमची पोरं बावीस वर्षांत तिथे गेली नव्हती. दोन अंपायर बाहेरून यायचे होते. एक आला. दुसऱ्याच्या गाडीला रस्त्यात हरीण आडवं गेलं. हरणाला काही झालं नाही, गाडीचं नाक मात्र आत गेलं. चाळीस मिनिटं सगळे ऊन खात बसले. मग सेंट ऑडोचा मॅनेजर नॉर्बर्ट थीलन स्वतः चालत माझ्याकडे आला. हा दुधाच्या धंद्यातला माणूस, दीडशे दुभत्या गायी बाळगून आहे, आणि नोर्लुंडचं कधी चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नाही.

"वर्लिन उभा राहणार असेल तर आमची हरकत नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "हा वेळ पडली तर बायकोलाही आउट देईल."

सगळे हसले. कुंपणामागे आर्डिसही हसली. मला ते वाक्य चढलं, हे आता कबूल करतो. शत्रूकडून असं प्रशस्तिपत्र रोज मिळत नाही.

आठ डाव नीट गेले. नववा, म्हणजे शेवटचा, सुरू झाला तेव्हा आम्ही चार, ते तीन, आणि फलंदाजी त्यांची. त्यांचे दोन गडी आउट झाले, पण दोघे जण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर जाऊन उभे राहिले. तिसरा आउट झाला की त्यांचा डाव संपणार, म्हणजे एक झेल मिळाला की आम्ही राज्याच्या स्पर्धेला. त्यांच्या बॅटरने चेंडू उंच मारला, तो डावीकडे, रेषेबाहेर, कुंपणाच्या दिशेने निघाला. आमचा डावीकडचा फील्डर एल्डन ब्रेके जिवाच्या आकांताने धावला, कुंपणाला जाऊन टेकला, हात वर केला. मी मास्क काढून रेषेवरून पळत होतोच. पुढच्या क्षणी चेंडू आर्डिसच्या जाळीत होता.

आता नियम सोपा आहे. प्रेक्षकाने कुंपणावरून मैदानात हात घालून झेल अडवला, तर बॅटर आउट. पण फील्डरनेच कुंपणावरून प्रेक्षकांच्या बाजूला हात घातला असेल, तर ते त्याचं नशीब. चेंडू नुसता फाऊल, खेळ पुढे चालू. म्हणजे जाळी आत आली असेल तर सामना तिथेच संपला, आम्ही जिंकलो. जाळी तिच्या बाजूला असेल तर अजून खेळायचं.

मी हात बाजूला फेकून ओरडलो, "फाऊल!"

आमचा मॅनेजर गेलन ब्रेके, म्हणजे त्या एल्डनचा बाप, टोपी हातात घेऊन आला. गेलन आवाज चढवत नाही. तो म्हणाला की वर्लिन, जाळी आत होती, पोराच्या हातमोज्याच्या वर होती. नॉर्बर्ट मागून आला आणि म्हणाला की अजिबात नव्हती. बाहेरून आलेला तो एक अंपायर विशीतला मुलगा, त्याचं लक्ष बेसवरच्या दोघांवर होतं. त्याने खांदे उडवले. मग गेलनने असं काही केलं जे नियमात कुठेच नाही. तो कुंपणाकडे वळला आणि म्हणाला, "आर्डिस, तूच सांग. जाळी आत होती का?"

चारशे माणसं ऐकत होती. आर्डिसचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "होती. हातभर आत होती. माझं चुकलं."

नियमाप्रमाणे मला एवढंच म्हणायचं होतं की प्रेक्षकाची साक्ष चालत नाही. ते म्हणून मी वळलो असतो तर ही गोष्ट इथे सांगायची वेळ आली नसती. पण नॉर्बर्ट माझ्याकडे बघत होता, आणि त्याचं ते वाक्य माझ्या कानात होतं.

"तिचं ऐकू नका," मी म्हणालो. "गावासाठी बोलतेय ती."

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं. मग चेंडू जाळीतून काढून एल्डनच्या हातात दिला.

त्यानंतर तिसऱ्याच चेंडूवर त्यांच्या बॅटरने आमच्या दोन फील्डरांच्या मधून मारला आणि बेसवरचे दोघेही धावा पुऱ्या करून आले. पाच-चार. आमच्या पोरांनी आपल्या पाळीत हवेत बॅटी फिरवल्या, आणि संपलं. नॉर्बर्टने माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. म्हणाला की अशी माणसं आता राहिली नाहीत. घरी जाताना गाडीत आर्डिस खिडकीबाहेरचा मका बघत होती. मला वाटलं, हरल्याचं दुःख आहे, होईल कमी.

सोमवारी सकाळी गावाने आमच्या घरी यायला सुरुवात केली. पण माझ्याकडे नाही. माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होते. आले होते आर्डिसला भेटायला, आणि कुणी रिकाम्या हाताने आलं नाही. भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश आला, लिंबाच्या वड्या आल्या. चर्चमधली डेलोरिस रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन आली आणि आर्डिसचा दंड थोपटून म्हणाली, "आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस, आणि आमच्या पोरांसाठी बोललीस. हे गाव विसरणार नाही हो."

एकतीस वर्षं चेंडू वाचवले त्याचं कुणाला काही नव्हतं. एक खोटं बोलली म्हणून गावाने डोक्यावर घेतली. आर्डिस म्हणाली, "मी खोटं बोलले नाही." डेलोरिसने डोळे मिचकावले आणि म्हणाली, अगदी बरोबर, असंच म्हणत राहा.

ती गेल्यावर आर्डिसने केक झाकून ठेवला. त्याला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. मंगळवारी पाद्रीबुवा आले आणि म्हणाले की प्रेमापोटी घडलेलं पाप देवाला कळतं. आर्डिसने त्यांना कॉफी दिली आणि त्यांचा कप अर्धा असतानाच उचलला.

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर ती टेबलावर जाळी पसरून बसली होती. कड्याजवळ बोटभर भोक पडलं होतं, ते ती गळाच्या दोऱ्याने शिवत होती. मी विचारलं की हे कधी फाटलं.

"रविवारी," ती म्हणाली. सुईत दोरा ओवून झाल्यावर म्हणाली, "वर्लिन, चेंडू जाळीत आला तेव्हा तुला काय दिसलं?"

"जाळी."

"जाळी, का कोल्टनची पाठ?"

कोल्टन म्हणजे आमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. गॅसच्या टाक्या घरोघर पोचवतो, आणि त्याची पाठ फ्रीजएवढी आहे. त्या झेलाच्या मागे तोही धावला होता. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

मला जाळी दिसलीच नव्हती. आधी कोल्टनची पाठ दिसली आणि मग जाळीत चेंडू दिसला. मधलं मी माझ्याकडचं भरलं. आर्डिस जाळी कधी आत नेत नाही हे मला माहीत होतं, म्हणून नेली नसणार. आर्डिस कधी खोटं बोलत नाही हेही मला तितकंच माहीत होतं. त्या दिवशी दोहोंतलं एक चूक असणार होतं, आणि ज्याने नॉर्बर्ट थीलनसमोर माझी मान ताठ राहील ते मी खरं धरलं.

मी मैदानावर गेलो. डाव्या कुंपणाला मैदानाच्या बाजूने दाण्याच्या गिरणीची जाहिरात तारेने बांधलेली आहे. तिची वरची तार एका जागी सुटून वर आली होती, आणि तिच्यात हिरवं सूत अडकलं होतं, बोटभर. कुंपणाच्या आत, वरच्या काठापासून चांगलं हातभर खाली. चेंडूने जाळी जड झाली तेव्हा ती खाली गेली असणार आणि मागे ओढताना फाटली असणार. मी ते सूत सोडवून खिशात घातलं. उन्हात उभा राहिलो थोडा वेळ. मला स्वतःची फार लाज वाटली.

दहा वाजता गावातले पुरुष कॅफेत जमतात. गेलन होता, कोल्टन होता, आणखी पाचसहा जण. मी सूत टेबलावर ठेवलं आणि कुठे सापडलं ते सांगितलं. मग म्हणालो, "जाळी आत होती. आर्डिस खरं बोलत होती. मी काही पाहिलंच नव्हतं. माझ्या निकालाने तुम्ही हरलात."

अठ्ठावीस वर्षांत 'मी पाहिलं नव्हतं' हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. अंपायरने ते एकदा म्हटले की पुढच्या रविवारी घरी बसावं.

गेलनने सूत उचलून उजेडात धरलं, परत ठेवलं, आणि माझ्या कपात कॉफी ओतली.

"वर्लिन," तो म्हणाला, "तीन दिवस तिने तुला नीट जेवायला दिलेलं दिसत नाही."

टेबलावर हशा पिकला. मी पुन्हा सांगितलं. तार दाखवायला येतो म्हणालो. कोल्टन म्हणाला की काका, असं सूत कुणीही कुठेही अडकवून येईल, राहू द्या. गेलनने मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाला की बायकोचं नाव राखायला माणूस एवढं करतो हे बघून बरं वाटलं, रविवारचं मी मनात ठेवणार नाही. मी त्याचा हात झटकून उठलो. चिडायची सोय नव्हती. सगळे इतके प्रेमाने बघत होते.

घरी आलो तेव्हा जाळी शिवून झाली होती आणि खुंटीला लावलेली होती. मी सूत आर्डिससमोर ठेवलं. तिने ते बोटावर गुंडाळून पाहिलं.

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं."

"मग?"

"कुणाला खरं वाटत नाही. म्हणतात, तुझ्यासाठी खोटं बोलतोय."

आर्डिस माझ्याकडे बघत राहिली. "मग आता कळलं असेल," ती म्हणाली, "कसं वाटतं ते."

मी कळलं म्हणालो. ती उठली, डेलोरिसच्या केकवरचं झाकण काढलं, चांगला मोठा तुकडा कापला आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "खोटं बोलणाऱ्यासाठीच केलाय तो तिने."

मी खाल्ला. तीन दिवसांचा होता, कडेने कोरडा झाला होता, आणि तसं मी तिला सांगितलं.