वरणातली गोळी

नर्सने गुलाबचंदच्या गळ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तशी शामकलाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. नवऱ्याच्या गळ्यात बोराएवढी गाठ होती. ती कॅन्सरची आहे की नाही, हे आज सुई टोचून कळणार होतं. सकाळी गावाहून, बिरसीहून निघाल्यापासून दोघं एकमेकांशी धड बोलली नव्हती.

डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "काका, हृदयाची झडप बदललेली आहे ना? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

"बंद केली. पाच दिवस झाले."

"कोणी सांगितलं?"

"कोनाले कायले इचाराचं? सुई टोचली का रक्त थांबनार नाई, येवढं समजते मले."

गावात कुणाचा ट्रॅक्टर बिघडला तरी न विचारता सल्ला देणारा माणूस तो. स्वतःच्या गळ्याबाबत मागे कसा राहील?

डॉक्टर चिडले. "अहो, झडपेत गुठळी झाली तर माणूस उभ्या उभ्या जातो! आता बंदच आहे तर सुई उरकू. गोळी आजपासून पुन्हा घ्या."

आठ वर्षांपूर्वी झडप बदलली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी शामकलालाच बजावलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. नवऱ्याशी वाद घालून उपयोग नव्हता. म्हणून पाचही संध्याकाळी तिने गोळी चुरडून त्याच्या वरणात कालवली होती. आता सांगावं, तर हा माणूस पुन्हा तिच्या हातचं जेवेल का? आणि न सांगावं, तर सुई टोचली जाईल आणि रक्त थांबणार नाही. तिला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

डॉक्टरांनी सुई उचलली.

"थांबा!" ती उठलीच. "यांची गोळी बंद नाई झाली. मी रोज वरनात टाकून देल्ली."

गुलाबचंद कोपरावर उठला.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त खाल्लं असतं काय?"

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. रक्त तपासून आणलं, ते झडपेसाठी हवं तेवढं पातळ होतं. मग त्यांनी स्वतः सोनोग्राफी करून गाठ नीट निरखली.

"गाठीत नुसतं पाणी आहे, घाबरण्यासारखं काही दिसत नाही. सुईची गरजच नाही, आणि अशा रक्तात उगाच टोचूही नये. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

परतीच्या बसमध्ये गुलाबचंद खिडकीबाहेर बघत होता. धानाच्या बांध्यांवर बिरसीच्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. गाठ पाण्याची निघाली, त्याबद्दलही तो चकार शब्द बोलला नाही. शामकला रडकुंडीला आली होती.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. त्याने वरणाची वाटी बाजूला सारली.

त्याने तळहात पुढे केला. "वरनात नको टाकू आता. हातावर दे."

तिने फळीवरचा डबा काढून गोळी दिली. पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळून त्याने वाटी पुन्हा जवळ ओढली.

"पाच दिवस वरन कडू लागून राहिलं होतं," तो भात कालवत म्हणाला. "तुले वाईट वाटन, म्हून बोललो नाई."